सैतानाला स्वतःची चाल नसते: पाश्चात्त्य संगीत शंभर वर्षं मृत्यूच्या मागे का लागलं?

ऑक्टोबर संपत आला की हॅलोविनचे भोपळे आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही दिसायला लागलेत, आणि त्यांच्यासोबत मोबाईलवर तेच ते 'भुताटकीचं' संगीत फिरायला लागतं. त्यातल्या बऱ्याच चाली सिनेमावाल्यांनी रचलेल्या नाहीत. त्या दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत. काळे कोट घातलेल्या वादकांनी त्या तिकीट काढून आलेल्या प्रतिष्ठित मंडळींसमोर वाजवलेल्या आहेत. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हणजे काहीतरी शांत, सुसंस्कृत, किंचित झोप आणणारं अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना हे कोडंच वाटतं. बाख आणि मोझार्टचे वारसदार अचानक हाडं खुळखुळवायला, चेटकिणी नाचवायला आणि कबरी उघडायला का लागले?

आधी एक शब्द स्पष्ट करू. या लेखात 'रोमँटिक' म्हणजे प्रेमगीतं नव्हेत. युरोपच्या संगीतात साधारण १८१५ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच्या काळाला हे नाव आहे. भावनेला नियमापेक्षा वरचढ मानणारा हा काळ.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या संगीतकारांनी भीतीसाठी नवे सूर शोधलेच नाहीत. लोकांच्या ओळखीचं, प्रेमाचं, पवित्र मानलेलं जे होतं तेच घेतलं आणि तिरकं केलं.

सगळं सुरू होतं आठ सुरांपासून

पेटी असेल तर वाजवून पाहा: कोमल गंधार, रिषभ, कोमल गंधार, षड्ज. मग रिषभ, मंद्र सप्तकातला कोमल निषाद, षड्ज, षड्ज. झालं. युरोपातली सर्वांत गाजलेली मृत्यूची चाल तुम्ही वाजवलीत.

तिचं नाव डिएस इराए, अर्थ 'क्रोधाचा दिवस'. तेराव्या शतकातलं हे लॅटिन चर्चगीत कॅथलिक अंत्यविधीच्या प्रार्थनेत गायलं जायचं. जगाच्या शेवटी तुतारी वाजेल, मेलेले उठतील आणि प्रत्येकाचा हिशेब होईल, असा त्याचा विषय. शेकडो वर्षं, कुणाला ना कुणाला निरोप देताना, लोकांनी ते ऐकलेलं होतं. गोव्यातही १९६० च्या दशकापर्यंत चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची, त्यामुळे तिथल्या जुन्या पिढीला हे परकं नाही.

आपल्या हिशेबाने हे सगळे सूर काफी थाटात बसतात. काफी म्हटल्यावर आपल्याला होरी आठवते, रंग आठवतात. म्हणजे या सुरांमध्ये जन्मजात स्मशान नाही. ते तिथे सवयीने आलं, अंत्यविधीच्या पुनरावृत्तीतून. आणि एखाद्या चालीला अशी घट्ट सवय चिकटली की तिच्याशी खेळता येतं.

१८३०: एका तरुणाचं वाईट स्वप्न

हा खेळ पहिल्यांदा धडधडीत खेळला तो फ्रेंच संगीतकार एक्तोर बर्लिओझने. डॉक्टरचा मुलगा, वडिलांनी वैद्यकी शिकायला पॅरिसला धाडला. शवविच्छेदनाच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि खिडकीतून उडी मारून पळालो, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पुढे वैद्यकी सुटली, मृतदेह मात्र सुटले नाहीत.

सप्टेंबर १८२७ मध्ये त्याने हॅम्लेट पाहिलं. ओफेलियाच्या भूमिकेत हॅरिएट स्मिथसन ही आयरिश नटी होती. तो तिच्यावर इतका भाळला की पत्रांवर पत्रं लिहीत सुटला. तिने दाद दिली नाही. (आज कुणी असं केलं तर पोलिसांत तक्रार जाईल आणि ती योग्यच असेल.) या वेडातून जन्माला आली 'सिंफोनी फॅंटास्टिक'. ५ डिसेंबर १८३० रोजी पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा वाजली. सिंफनी म्हणजे अनेक भागांची, पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. ही पाच भागांची, सुमारे पन्नास मिनिटांची आहे.

बर्लिओझने श्रोत्यांना कथेचं पत्रकच वाटायची व्यवस्था केली होती. प्रेमभंग झालेला कलावंत अफू घेतो. मरत नाही, स्वप्नं बघतो. स्वप्नात त्याने प्रेयसीचा खून केलेला आहे. चौथ्या भागात त्याला वधस्तंभाकडे नेतात; क्लॅरिनेटवर प्रेयसीची चाल एक क्षण येते आणि गिलोटिनच्या घावासरशी मधेच तुटते. पाठोपाठ तंतुवाद्यांवर दोन-तीन टिचक्या: मुंडकं खाली गडगडलं. ही कल्पना ऐकणाऱ्यांसाठी नुसती कल्पना नव्हती. त्या पॅरिसमध्ये गिलोटिन अजून चौकात, लोकांच्या देखत चालायचं.

पाचवा भाग मात्र खरा मासला. कलावंत स्वतःच्याच अंत्यविधीला हजर आहे आणि भोवती चेटकिणींचा मेळा भरलाय. प्रेयसी येते, पण आता तीही चेटकीण आहे. पहिल्या भागातली तिची लांबसडक, आर्जवी चाल इथे छोट्या किरट्या क्लॅरिनेटवर, मुरक्या मारत, उडत्या ठेक्यावर येते. सूर जवळजवळ तेच, अब्रू गेलेली. मग घंटा वाजतात आणि जाड, घोगऱ्या सुषिर वाद्यांवर डिएस इराए सुरू होतं. आधी ठाय लयीत, गंभीर. लगेच दुसरी वाद्यं तेच दुगुनीत म्हणतात. मग त्याहून जलद, नाचरं. प्रार्थनेचा तीन पायऱ्यांत तमाशा होतो.

दहाव्याला घाटावर म्हटले जाणारे मंत्र कुणी वरातीच्या बँडवर वाजवले तर आपल्या अंगावर जो काटा येईल, तोच तेव्हा कॅथलिक माणसाच्या अंगावर आला असणार. धक्का चालीचा नाही, चाल चुकीच्या जागी ऐकू येण्याचा.

हॅरिएटने १८३२ मध्ये ही सिंफनी ऐकली आणि १८३३ मध्ये बर्लिओझशी लग्न केलं. ते टिकलं नाही.

पण माणसं तर आधीही मरत होती. मग याच शतकात काय झालं?

शंका रास्त आहे. मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेरात, १७८७ सालीच, दगडी पुतळा नायकाला नरकात ओढून नेतो. मोझार्टचं शेवटचं, अपुरं राहिलेलं काम तर मृतांसाठीची प्रार्थनाच होती. फरक आहे तो जागेचा आणि 'मी'चा. तोवर मृत्यूचं संगीत मुख्यतः चर्चमध्ये, कुणातरी मृताच्या शांतीसाठी वाजायचं, किंवा रंगभूमीवर दुष्टाला शिक्षा म्हणून यायचं. बर्लिओझच्या रचनेत मृत माणूस स्वतः संगीतकार आहे, जागा सभागृह आहे, आणि धडा कुणालाच मिळत नाही.

हे घडायला बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या. फ्रेंच राज्यक्रांतीने चर्चची मालमत्ता आणि धाक दोन्ही मोडले होते, त्यामुळे चर्चची चाल चर्चबाहेर वापरायला मोकळी झाली. संगीतकार राजदरबाराचे आणि धर्मपीठाचे नोकर उरले नव्हते. त्यांचं पोट तिकिटांवर होतं, आणि तिकिटं थरारावर खपतात हे तेव्हाही खरं होतं. जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' या नाटकाचा पहिला भाग १८०८ मध्ये आला आणि सैतानाशी करार करणारा विद्वान हा साऱ्या युरोपचा लाडका विषय झाला. १८२१ मध्ये बर्लिनला वेबरच्या 'डेर फ्रायशुट्झ' या ऑपेराने मध्यरात्रीच्या दरीत मंतरलेल्या गोळ्या ओतून दाखवल्या आणि प्रेक्षकांना वेड लावलं. त्यातला काळा शिकारी सामिएल गातच नाही, फक्त बोलतो. ऑपेरात न गाणारं पात्र म्हणजे माणसांतलं नव्हेच.

वाद्यंही बदलली होती. वाद्यवृंद मोठा झाला, पियानो दणकट झाला, आणि तारेवर गजाच्या केसांऐवजी काठीच आपटली तर कसा कोरडा खडखडाट येतो, असले प्रयोग लोक करून पाहू लागले. बर्लिओझने चेटकिणींसाठी नेमका हाच खडखडाट वापरलाय.

शिवाय मृत्यू दाराशीच होता. १८३२ च्या पटकीच्या साथीत एकट्या पॅरिसमध्ये १८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्याच एप्रिलमध्ये तिथे साथग्रस्तांच्या मदतीसाठी निकोलो पागानिनीचा व्हायोलिनचा कार्यक्रम झाला. तो ऐकून विशीतला फ्रान्झ लिस्ट हादरला आणि याने व्हायोलिनवर केलं ते मी पियानोवर करीन असं ठरवून बसला. या दोघांकडे पुढे येऊच.

'सैतानी स्वर' नावाचं काही असतं ना?

इंटरनेटवर हे हमखास सापडतं: दोन सुरांमधलं एक अंतर मध्ययुगीन चर्चने बंद केलं होतं, कारण त्याने सैतान प्रकट होतो. गोष्ट चटकदार आहे, पण अशा बंदीचा पुरावा नाही. ते अंतर गायला अवघड आणि कानाला अस्थिर म्हणून जुने गुरू टाळायला सांगत, एवढंच. 'संगीतातला सैतान' हे नाव तर अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांत भेटतं, मध्ययुग सरून गेल्यावर.

ते अंतर कुठलं? षड्ज आणि तीव्र मध्यम.

म्हणजे ज्या यमनने आपल्याकडे कित्येकांचं गाणं शिकणं सुरू होतं, संध्याकाळी दिवा लावायच्या वेळचा तो राग, त्याचा प्राणच युरोपच्या हिशेबाने सैतान! यमनमध्ये तो सूर पंचमाकडे, निषादाकडे जाणारी वाट असतो, शेजारी त्याला सांभाळून घेतात. पाश्चात्त्य रचनेत तोच सूर उघडा, एकटा, षड्जासमोर उभा केला की तोल जातो. लिस्टने नरकाचं वर्णन करणारा इटालियन कवी दांते याच्यावरच्या पियानो सोनाटाची, म्हणजे एकट्या पियानोसाठीच्या मोठ्या रचनेची, सुरुवात या अंतराच्या घसरत्या हातोड्यांनी केली, कारण त्याला नरकाचं दार उघडायचं होतं.

कामिय सँ-सॉन्सने तर थेट वाद्यच बिघडवलं. त्याच्या १८७४ च्या 'डान्स माकाब्र'मध्ये, म्हणजे सांगाड्यांच्या नाचात, वीणावर्गातल्या हार्पवर एकच सूर बारा वेळा वाजतो. मध्यरात्र झाली. मग मृत्यू व्हायोलिन घेऊन येतो. व्हायोलिनच्या तारा एकमेकींशी षड्ज-पंचम नात्याने लावलेल्या असतात. इथे सर्वांत वरची तार अर्धा सूर उतरवून लावायला सांगितली आहे, त्यामुळे मृत्यूने वरच्या दोन तारांवर गज फिरवला की पंचमाऐवजी तीव्र मध्यम. म्हणजे मृत्यूच्या वाद्याचा वरचा पंचमच बिघडलेला. ज्याने तंबोरा जुळवताना पंचम बसायची वाट पाहिली आहे त्याला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

त्याच रचनेत डिएस इराएसुद्धा आहे, आणि तेही चक्क खुशीतल्या वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या बॉलनाचाच्या वेशात. झायलोफोनवर हाडं वाजतात. पहाटे ओबोवर कोंबडा आरवतो आणि सांगाडे पळतात.

सैतानाला स्वतःचं काही का नसतं?

या साऱ्या प्रकारातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट लिस्टने केली असं मला वाटतं. १८५४ मध्ये त्याने 'फाउस्ट सिंफनी' लिहिली. तीन भाग, तीन व्यक्तिचित्रं: फाउस्ट, त्याची प्रेयसी ग्रेटशेन आणि सैतान मेफिस्टोफेलिस. पहिल्या भागात फाउस्टच्या चाली येतात. काही शोधक, काही तडफदार, काही प्रेमळ. दुसरा भाग ग्रेटशेनचा, नितळ.

तिसऱ्या भागात सैतान येतो आणि लिस्ट त्याला स्वतःची म्हणावी अशी चाल जवळजवळ देतच नाही. तो फाउस्टच्याच चाली उचलतो आणि एकेकीची नक्कल करतो. शोधक चाल खदाखदा हसू लागते, प्रेमाची चाल वाकुल्या दाखवते. गटेचा मेफिस्टो स्वतःची ओळख 'सतत नाकारणारी शक्ती' अशी करून देतो. नाकारणाऱ्याला नाकारायला आधी दुसऱ्याचं काहीतरी लागतं. या भागात एकच चाल सैतान विद्रूप करू शकत नाही: ग्रेटशेनची. ती येते तशीच्या तशी, आणि त्याची मस्करी थांबते.

चित्रपटात खलनायकाला एक 'थीम' देऊन मोकळं होण्याच्या जमान्यात हे जरा सावकाश ऐकण्यासारखं आहे.

पण मृत्यू नेहमी आरडाओरडा करत येतो का?

नाही. तो गोड बोलतो तेव्हा जास्त भीती वाटते.

अठरा वर्षांच्या फ्रान्झ शूबर्टने १८१५ मध्ये गटेच्या 'एर्लक्योनिग' या कवितेला चाल दिली. रात्री घोड्यावर बाप, कवेत आजारी मुलगा. मुलाला भुतांचा राजा दिसतोय, ऐकू येतोय. बापाला दिसतं ते फक्त धुकं आणि वाळलेली पानं. एकच गायक निवेदक, बाप, मुलगा आणि भूत असे चारही आवाज काढतो, आणि पियानोवर घोड्याच्या टापा थांबत नाहीत. वादकाचा उजवा हात अक्षरशः भरून येतो.

आता ऐकताना एवढंच पाहा की सर्वांत सुरेल चाल कुणाला दिली आहे. भुताला. बाप आणि मुलगा काळजीच्या, कोमल स्वरांच्या सप्तकात गातात. भूत शुद्ध स्वरांच्या उजेडात गातं. ये ना बाळा, खेळू, माझ्या मुली तुला झोके देतील. मुलाची किंकाळी दर खेपेला आणखी वरच्या सुरात जाते. शेवटी भूत 'येत नसशील तर ओढून नेईन' म्हणतं तेव्हा त्याचाही उजेड विझतो. घरी पोचेपर्यंत टापा थांबतात आणि मूल गेलंय हे गायक जवळजवळ बोलूनच सांगतो.

रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीने १८७५ ते ७७ दरम्यान मृत्यूच्या गाण्यांचा एक संच केला, त्यातलं पहिलं गाणं अंगाई आहे. आजारी मुलाच्या उशाशी आई बसलीय. दार वाजतं. मृत्यू आत येतो आणि म्हणतो, दमलीस, आता मी जोजवतो. आई विनवत राहते, तो प्रत्येक वेळी तीच अंगाईची ओळ शांतपणे म्हणतो. मला विचाराल तर बर्लिओझचा अख्खा चेटकिणींचा मेळा या एका ओळीपुढे पोरखेळ आहे. भीतीसाठी इथे वापरलीय ती अंगाई, घरातली सर्वांत निर्धोक गोष्ट.

ही सगळी माणसं आजारी किंवा विक्षिप्त होती, म्हणून असेल का?

शूबर्टबद्दल असं म्हणता येईल. १८२२-२३ च्या सुमारास त्याला गुप्तरोगाने गाठलं, १८२४ मध्ये त्याने 'मृत्यू आणि तरुणी' हे चौघा तंतुवादकांसाठीचं काम लिहिलं आणि १८२८ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, तो गेला. पण त्या कामाचा गाभा म्हणजे त्याचंच १८१७ मधलं गाणं, आजाराच्या कितीतरी आधीचं. एर्लक्योनिग तर अठराव्या वर्षीचं. उलट सँ-सॉन्स बघा: शिस्तीचा, विद्वान, शहाऐंशी वर्षं जगलेला. सांगाड्यांचा नाच लिहून झाल्यावर त्याने १८८६ मध्ये तीच हाडांची चाल 'प्राण्यांचा कार्निव्हल'मध्ये जीवाश्मांच्या तोंडी घालून स्वतःचीच टिंगल केली. आजारातून भीतिसंगीत येतं हा सिद्धांत त्याच्यापाशी कोसळतो.

आणि सैतानाशी करार?

पागानिनीबद्दल हे सर्रास बोललं जायचं. हाडकुळा, फिकट, अनैसर्गिक वाटावीत अशी लवचीक बोटं. व्हिएन्नात म्हणे कुणाला त्याच्या मागे सैतान उभा दिसला. त्याच्या तारा खून केलेल्या बाईच्या आतड्याच्या आहेत अशीही वदंता होती. ही जाहिरात त्याला फायद्याचीच ठरली, मरेपर्यंत. १८४० मध्ये नीस इथे शेवटचे धर्मसंस्कार न घेता तो मेला, तेव्हा बिशपने ख्रिस्ती दफनाला नकार दिला. मुलगा वर्षानुवर्षं ते शव इकडून तिकडे हलवत राहिला. पार्मा इथे त्याला कायमची जागा मिळाली ती १८७६ मध्ये.

याच 'सैताना'ने १८३८ मध्ये बर्लिओझचं संगीत ऐकून त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि कर्जात बुडालेल्या त्या माणसाला २० हजार फ्रँक दिले, हे मात्र अफवांच्या यादीत कुणी घालत नाही.

धर्मद्रोहाचा आरोपही फारसा टिकत नाही. डिएस इराएवर पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिस्टने रचलेला 'टोटेनटान्झ' पहिल्यांदा वाजला १८६५ मध्ये. त्याच वर्षी लिस्टने रोममध्ये धर्मसेवकाची प्राथमिक दीक्षा घेतली आणि काळा झगा घालून तो 'आबे लिस्ट' झाला. त्यानंतरही म्हातारपणी त्याने मेफिस्टोवर वॉल्ट्झ लिहिलेच. ज्याचा देवावर विश्वास आहे त्यालाच सैतानाची नक्कल इतकी बारकाईने साधते, असं मला तरी वाटतं.

मग आज हे संगीत घाबरवतं का?

घाबरवतं, पण वेगळ्या कारणाने, आणि इथे थोडं नुकसान झालंय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांत डिएस इराए कॅथलिक अंत्यविधीतून वगळलं गेलं. ते राहिलं मुख्यतः सभागृहात आणि पडद्यावर. रखमानिनोव्हने १९३४ मध्ये पागानिनीच्या एका चालीवर रचना केली, तीत सैतान म्हणून हीच धून आणली. १९८० च्या 'द शायनिंग' चित्रपटाच्या सुरुवातीला डोंगरातल्या रस्त्यावरून गाडी जाताना वाजतं तेही हेच, बर्लिओझच्या वाटेने आलेलं. त्यानंतर इतक्या चित्रपटांनी ते वापरलं की आजच्या श्रोत्याला ही आधी प्रार्थना होती हेच माहीत नसतं. त्याला फक्त खलनायक ऐकू येतो, विटंबना ऐकू येत नाही. विटंबना कळायला मूळ वस्तू आदराने आधी भेटलेली असावी लागते.

त्यावर साधा उपाय आहे. यूट्यूबवर आधी ख्रिस्ती मठातल्या साधूंनी वाद्यांशिवाय गायलेलं मूळ डिएस इराए शोधा आणि पहिल्या दोन-तीन कडव्यांपर्यंत, चाल तोंडात बसेपर्यंत ऐका. मग सातेक मिनिटांचं 'डान्स माकाब्र' लावा आणि ती कुठे लपलीय ते शोधा. पहिल्या खेपेला बहुतेकांची निसटते, कारण ती खूश असते. बर्लिओझचा पाचवा भाग त्यानंतर. त्याआधी पहिल्या भागात प्रेयसीची चाल जरूर ऐका, नाहीतर शेवटी तिचं काय केलंय ते कळणार नाही. मुसोर्ग्स्कीची अंगाई सगळ्यात शेवटी ऐका, आणि घरात लहान मूल झोपलेलं असेल तर हेडफोन लावून.